जुनी लोकर

"मांडीवर खोकी घेऊन फिरायचं वय राहिलं का आता माझं," रेणुकादास पुटपुटले. पुटपुटले म्हणजे शेजारी बसलेल्या बायकोला नेमकं ऐकू जाईल आणि मागच्या सीटवर मुळीच जाणार नाही, इतकं. चौतीस वर्षांच्या संसारात आवाजाचं हे माप त्यांच्या गळ्याला पक्कं बसलं होतं. "त्यात कुणाचा तरी हात बाहेर आलाय. मघापासून बरगडीत टोचून राहिलाय."

सौदामिनीने खिडकीबाहेर बघत बघतच हात लांब केला, खोक्याच्या फटीतून डोकावणारा निळ्या लोकरीचा हात आत दाबला आणि वरची सुतळी ओढून घेतली.

"छत्रीची काडी आहे आत. टोचणारच."

"म्हणजे गेल्या पावसाळ्यात मी जी छत्री शोधत होतो ती."

"ती मोडकी होती."

"मोडकी नव्हती. एक काडी वाकली होती."

सौदामिनीने सुतळीला आणखी एक गाठ मारली, कारण ते खरं होतं.

लातूरहून सकाळी सुटलेली नांदेडची एसटी अहमदपूरच्या दिशेने खडखडत चालली होती. रेणुकादासांच्या मांडीवर एक खोकं, सौदामिनीच्या पायाशी दुसरं. दोन्ही खोक्यांत मिळून एकोणीस बाहुल्या. आणि विसावी सौदामिनीच्या स्वतःच्या मांडीवर, कापडी पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेली. ती खोक्यात का नाही, हे रेणुकादासांनी विचारलं नव्हतं. न विचारण्यातही त्यांचा हात कुणी धरला नसता.

पन्नाशी ओलांडलेली बाई बाहुल्या करते, हे सांगताना घरच्यांची जीभ जरा अडखळायचीच. मुलगा आलोक नांदेडला असतो, तो मित्रांना सांगायचा, "आईचं क्राफ्टचं काहीतरी चालू असतं." रेणुकादास शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. ते "हातकाम" म्हणायचे आणि लगेच हवापाण्याच्या गप्पांवर घसरायचे. सौदामिनी स्वतः काहीच म्हणायची नाही. तिला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे आपण करतो त्याला काय म्हणतात हेही कुणी सांगितलं नव्हतं. केर काढताना सुपलीत काय आलंय ते आधी निरखायचं आणि मग टाकायचं, एवढीच तिची विद्या. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून लोकर आणायची, बाकी सगळं सापडलेलं. चिंचोक्याचे डोळे, आंब्याच्या कोयीचे केस, वाळल्या तुरीच्या शेंगांचे झुबे, जुन्या रेडिओचं बटण, कुलूप हरवलेल्या किल्ल्या. बाहुल्या दिसायलाही धड नसत. एकीला तीन डोळे, एकीला एकच पाय पण त्यात तीन पैंजण. प्रत्येकीचं बारसं मात्र ती नेमाने करी. पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर वर नाव, खाली साहित्य. 'चुलत सासूबाई'. 'लाइट गेली'. 'पाहुणे जेवूनच जाणार'. ही शेवटची फार घामाघूम दिसायची.

सगळ्यांचे हात लांब, गुडघ्याच्याही खाली जाणारे. लातूरच्या एका प्रदर्शनात कुणी विद्वान गृहस्थ त्या हातांपुढे बराच वेळ उभे राहिले होते आणि म्हणाले होते, या हातांत जगाला कवेत घेण्याची आस आहे. सौदामिनी लाजून चूर झाली होती. छत्रीची काडी तोडायला पक्कड लागते आणि रेणुकादास आपल्या पेटीतली पक्कड कुणाला देत नाहीत, म्हणून हात लांब, एवढं साधं कारण तिला चारचौघांत सांगता आलं नाही.

विसाव्या बाहुलीला हातच नव्हते.

अहमदपूरला गाडी थांबली आणि एक म्हातारी चढली. हातात पिशवी, कपाळावर आडवं गोंदण. तीन जणांच्या त्या सीटवर कडेची जागा होती तिथे ती टेकली आणि रेणुकादासांना खोक्यासकट खिडकीकडे रेटत म्हणाली, "जरा सरका की मास्तर."

हे मास्तर आहेत हे तिला कसं कळलं कुणास ठाऊक. रेणुकादास मात्र सुखावले. एवढं सरकले की शेवटी सौदामिनीनेच उठून मधली जागा घेतली आणि त्यांना खिडकी दिली.

"मी साखराबाई," म्हातारी म्हणाली. "लोह्याला लेकीकडं चाल्लेय. तुमी?"

"नांदेडला. मुलाकडे."

साखराबाईची नजर पिशवीवर गेली. टॉवेल एका बाजूने सुटला होता आणि त्यातून हळदीच्या रंगाची लोकर दिसत होती. ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "लेकरू हाय व्हय? निजलंय?"

"नाही हो. बाहुली आहे."

"बघू."

सौदामिनी नको म्हणणार होती. पण साखराबाईने तोवर हात घातलाही होता. टॉवेल बाजूला करून तिने बाहुली बाहेर काढली. वीतभर लांबीची, पिवळ्या लोकरीत आवळून गुंडाळलेली. जुन्या धोतराच्या मऊ कापडाचा चेहरा आणि मिटलेले दोन डोळे, काळ्या दोऱ्याच्या दोन बारीक कोरी. बाकी काही नाही. ना चिंचोके, ना किल्ल्या.

"आगं माय," साखराबाई म्हणाली. तिने बाहुली मांडीवर आडवी घेतली आणि गाडी सुरू झाली तशी तिची मांडी आपोआप हलायला लागली. डाव्या हाताने ती थोपटू लागली. "हिला हात न्हाईत ते?"

"आत आहेत. गुंडाळलेत."

"मंग बेस. गुंडाळल्यावर लेकरू गुमान निजतंय."

पुढचा तास साखराबाई लेकीच्या सासूविषयी, सोयाबीनच्या भावाविषयी आणि स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिली. बोलताना तिची मांडी थांबली नाही आणि थोपटणारा हातही थांबला नाही. रेणुकादास खिडकीबाहेर बघत होते. सौदामिनीची मांडी रिकामी होती. तिथे नुसता टॉवेल होता आणि ती त्याच्या घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

लोहा आलं. साखराबाई उठली, बाहुली पुढे केली. "घ्या."

सौदामिनीने हात पुढे केले, पण एका क्षणाने उशिरा. बाहुलीचं डोकं मागे कलंडलं.

"आवं मान धरा की. मान." साखराबाई हसली. "तुमाला लेकरू घ्यायची सवय न्हाई जणू."

तिच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. ती उतरून गेलीसुद्धा. सौदामिनीचे कान मात्र तापले. एक मुलगा वाढवून मोठा केलेली बाई ती. तिने बाहुली पुन्हा टॉवेलात गुंडाळली, रेणुकादास खिडकीबाहेर बघत राहिले. दोघांनाही एकच आठवलं होतं.

अडीच वर्षांपूर्वी, श्रावणात, नांदेडच्या दवाखान्यात.

आलोकची बायको मनस्विनी, तिला सातवा सरता सरताच दुखायला लागलं. ऑपरेशन करावं लागलं. मूल फार कमी वजनाचं, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मनस्विनीला ताप, ती वरच्या मजल्यावर. खाली पेटीपाशी आळीपाळीने आलोक, सौदामिनी आणि रेणुकादास. नऊ दिवस. बारसं बाराव्याला करतात. तिथवर काही पोचलं नाही, त्यामुळे नाव नाही. नाव नसल्यामुळे घरात सगळे 'ते' म्हणायला लागले. 'ते झालं तेव्हा.' 'ते गेलं त्या वर्षी.' मराठीत बाळ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, त्याचा या घराला मोठा आधार झाला.

नवव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला नर्स बाहेर आली होती. हळू बोलणारी, कोवळी मुलगी. म्हणाली, "आता थोडाच वेळ आहे. आजी, घेता का मांडीवर? नळ्या काढून देते."

सौदामिनी म्हणाली, "नको."

नर्सला वाटलं ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा विचारलं. सौदामिनी पुन्हा म्हणाली, "नको, नको. मला नाही जमायचं." आणि दोन पावलं मागे सरली, भिंतीला टेकेपर्यंत. आलोक तोंड फिरवून उभा होता. रेणुकादासांनी चष्मा काढून हातात घेतला होता. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नाही.

वीस मिनिटांनी सगळं संपलं. पेटीतच.

वर जाऊन मनस्विनीला कुणी सांगायचं, तर आलोकने सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज फुटला, आणि मग तो म्हणाला, "आईच्या मांडीवर गेलं गं. एकदम शांत." मनस्विनीने सासूकडे बघितलं. सौदामिनीने मान हलवली. त्या वेळेला ते पांघरूण घालण्यासारखं वाटलं होतं. पुढे नात्यातल्या बायका भेटायला आल्या, त्याही तेच म्हणाल्या, आजीच्या मांडीवर गेलं, तेवढंच भाग्य. दर वेळेला सौदामिनी मान हलवायची. मान हलवायचीसुद्धा सवय होते माणसाला.

मनस्विनी घरी यायच्या आत सगळं हलवा, असं बायकांनी फोनवरून ठरवलं. सौदामिनीने टोपडी, दुपटी आणि तो अर्धवट पिवळा स्वेटर एका गाठोड्यात बांधला. तो स्वेटर मनस्विनीने फोनवर बघून बघून विणायला घेतला होता. पाठ, पोट आणि एक बाही झाली होती. बाहीत एक टाका गळला होता, तो तिला चार दिवसांनी दिसला आणि ती सगळं उसवायला निघाली. तेव्हा सौदामिनीनेच तो टाका लाल दोऱ्याने पकडून गाठ मारून दिली होती. म्हणाली होती, "राहू दे गं. बाळाला काय कळतंय."

लातूरला परत जाताना पुलावरून गोदावरीत सोडायचं, असं ठरलं होतं. गाडी पुलावर आली. सौदामिनी खिडकीशी होती. खिडकीची काच घट्ट बसलेली होती, असं तिने नंतर स्वतःला सांगितलं. काचेला तिने हात लावून बघितला नव्हता. लातूरला पोचल्यावर मनस्विनीचा फोन आला, "सोडलंत का आई?" ती म्हणाली, "हो."

दीड वर्ष गाठोडं ट्रंकेत राहिलं. गेल्या हिवाळ्यात डांबरगोळ्या बदलायला म्हणून तिने ते उघडलं, तर पाठ आणि पोट कसरीने खाल्लेलं. बाही तेवढी धड होती. ती तिने हातात घेतली आणि मग हात थांबले नाहीत. रेणुकादासांच्या धोतराचा एक तुकडा तिने न विचारता कापला. तिसऱ्या दिवशी ते धोतर घेऊन भांडायला म्हणून खोलीत आले. टेबलावर बाहुली होती. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मग बाहेर गेले, आपल्या पेटीतली पक्कड घेऊन आले, टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. तेव्हापासून पक्कड सौदामिनीकडेच आहे. हात मात्र ती अजूनही लांबच ठेवते.

इथवर कुणी तिला दोष दिला नसता. पुढचं तिचं तिला ठाऊक होतं.

नांदेडच्या भगिनी मंडळाने प्रदर्शन ठरवलं, तेव्हा मंडळाच्या पंचाक्षरी मॅडमनी फोटो मागवले. सौदामिनीने एकोणीस पाठवले. विसावाही पाठवला. बोट चुकून लागलं असं म्हणायची सोय नव्हती, कारण तो फोटो तिने खिडकीतल्या उन्हात, तीनदा जागा बदलून काढला होता. मॅडमचा निरोप आला. फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला. "ताई, ती पिवळी. ती आपण मधोमध ठेवू. बाकीच्या सुंदर आहेत, पण ती बघून मी पाच मिनिटं काही बोलले नाही." सौदामिनीने तो निरोप चार वेळा ऐकला. तिला बरं वाटलं होतं. एवढ्या वर्षांत कुणी आपल्या हातच्या कामापुढे गप्प झालं, याचं बरं वाटलं होतं. कशामुळे गप्प झालं हे ठाऊक असूनही बरं वाटलं होतं. याच्याएवढी लाजिरवाणी गोष्ट आपल्या हातून दुसरी झाली नाही, असं तिला तेव्हाच कळलं. तरीही ती नको म्हणाली नाही. नको म्हणायला हवं तिथे तिला कधी जमलं नव्हतं आणि नको तिथे दोनदा जमलं होतं.

मग तिने बेत केला. प्रदर्शन शनिवारी आणि रविवारी. मनस्विनीला सांगितलं, "शनिवारी उद्घाटनाची गर्दी असते, भाषणं असतात. तुम्ही दोघं रविवारीच या." रविवारी सकाळी पिवळी पिशवीत परत जाणार. आयुष्यभर उन्हात सांडगे वाळत घालणारी बाई जशी ढग बघून हिशेब करते, तसा सगळा हिशेब तिने केला होता.

गाडी पुलावर आली. खाली गोदावरी संथ, काठाला जलपर्णी. सौदामिनीने पिशवीचं तोंड हाताने मिटून धरलं.

सभागृहात पंचाक्षरी मॅडमनी सगळी तयारी करून ठेवली होती. उंच, दणकट बाई, केसांत अबोली, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी मधल्या टेबलावर चक्क एक पाट मांडला होता, भोवती रांगोळीसुद्धा. "बाळासाठी पाट हवाच ना," त्या म्हणाल्या आणि पिवळी बाहुली त्यावर ठेवली. बाकीच्या एकोणीस दोन्ही अंगांना, लांब हात लोंबकळत.

साडेबाराला उद्घाटनाचा दिवा लागला, भाषणं झाली आणि लोक फिरायला लागले. बाया 'चुलत सासूबाई'पाशी खो खो हसत होत्या. एक जण दुसरीला म्हणाली, "तुझी हाय बघ, डोळेसुद्धा तसेच." 'लाइट गेली'पाशी शाळेच्या पोरी फोटो काढत होत्या. पण मधल्या टेबलाशी आलं की आवाज आपोआप खाली जायचा. एका बाईने पदर डोळ्याला लावला. एकीने सौदामिनीचा हात नुसता दाबला आणि पुढे गेली. सौदामिनी तिथे उभी राहून सगळं घेत होती, कुणी वाढलेलं पान परत करता येत नाही तसं. आत कुठेतरी गोड लागत होतं आणि त्या गोडाचीच शिसारी येत होती.

रेणुकादास दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. दीडच्या सुमाराला ते एकदम उठले आणि दाराकडे बघून, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे वा. मनू."

चौतीस वर्षांत त्यांचं माप पहिल्यांदा चुकलं होतं, की त्यांनी मुद्दाम चुकवलं होतं, कोण जाणे. सौदामिनीला तेवढा अवधी मिळाला. तिने पिशवीतला टॉवेल ओढला आणि पाटावरच्या बाहुलीवर टाकला. डोक्यापासून. टाकल्यावर तिला दिसलं आपण काय केलं ते, कसं दिसतंय ते. तोवर मनस्विनी समोर होती.

शाळेच्या साडीत, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, उन्हाने लाल झालेली. ती पुलापलीकडच्या शाळेत शिकवते.

"उद्या ये म्हटलं होतं ना गं."

"शनिवारी अर्धीच शाळा असते आई, विसरलात? म्हटलं, उद्या यांच्याबरोबर येईनच, आज एकटीनं निवांत बघावं."

"मनू, आधी ती 'पाहुणे जेवूनच जाणार' बघ," रेणुकादास मागून येत म्हणाले. "तिच्या अंगात माझी छत्री आहे."

मनस्विनी हसली आणि वळणारच होती. पण पंचाक्षरी मॅडम हातात वही घेऊन आल्या. "हे काय, झाकून कामून ठेवलं ताई? लोक हीच तर बघायला येऊन राहिलेत." आणि त्यांनी टॉवेल उचलून नीट घडी केला.

कुणीच काही बोललं नाही. मॅडमना त्यात वेगळं काही वाटलं नाही, त्या टेबलाशी असंच होत होतं. त्यांनी पेन उघडलं. "एक राहिलंय. सगळ्यांची इतकी झकास नावं आणि हिच्याच चिठ्ठीवर नाव नाही. तेवढं सांगा, मी पूर्ण करते."

"नाव," सौदामिनी म्हणाली आणि थांबली.

"सुचल्यावर सांगा," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात माइकवरून त्यांना कुणी बोलावलं आणि वही काखेत मारून त्या लगबगीने गेल्या.

मनस्विनीने पर्स खाली ठेवली. तिने बाहुलीला हात लावला नाही. पाटाशी वाकून तिने पुठ्ठ्याची चिठ्ठी वाचली. वरची ओळ रिकामी होती. खालची तिने मोठ्याने वाचली, वर्गात फळ्यावरचं वाचतात तशी. "साहित्य. जुनी लोकर, जुनं धोतर." मग म्हणाली, "जुनी कुठं आहे आई. अडीच वर्षांचीच तर आहे."

सौदामिनीने टेबलावरच्या टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली.

"हा टाका माझा गळला होता," मनस्विनी म्हणाली. बोट तिने लाल गाठीच्या अगदी जवळ नेलं आणि तसंच धरलं. "तुम्ही पुलावरून सोडलं म्हणाला होतात."

"हो."

"मी रोज जाता-येता नमस्कार करते हो तिथं. गाडीवर हात जोडता येत नाहीत, म्हणून पुलाच्या मध्यावर एकदा हॉर्न वाजवते. पुढचा माणूस दचकून बाजूला होतो." ती जराशी हसली, नेहमी हसते तशीच, आणि तेच बघवेना. "अडीच वर्षं मी रिकाम्या नदीला हॉर्न वाजवून राहिले म्हणायची."

"मनू, मी तुला सांगणार होते."

हेही खरं नव्हतं. सौदामिनीने खाली बघितलं. पाटाभोवतीची रांगोळी कुणाच्या तरी पदराने एका बाजूला पुसली गेली होती. तिला वाटलं, ही आता ओरडेल, लोक वळून बघतील, आणि ते बरं होईल. ओरडून घेतलेलं परवडतं. पण मनस्विनी ओरडली नाही. ती बराच वेळ बाहुलीच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि सासूच्या दंडावर हात ठेवला.

"नाही सोडलंत तेच बरं झालं," ती म्हणाली. "मला राग नाही आला. आला, पण गेला. शेवटच्या घडीला तुमच्याच मांडीवर होतं ना ते. मग त्याचं काही राहिलं असेल तर तुमच्याजवळच राहायला हवं. मला कधी झोप लागत नाही ना आई, तेव्हा मी तेवढंच आठवते. निदान कुणाच्या तरी मांडीवर होतं. ऊब होती. ते आठवलं की झोप लागते."

रेणुकादास टेबलाच्या पलीकडे उभे होते. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

सौदामिनीला आता फक्त मान हलवायची होती. अडीच वर्षांची सवय होती. मान हलवली की सगळं मिटत होतं. सुनेची झोप तिला राहणार होती, बाहुली पाटावर राहणार होती, चहा झाला की तिघं मिळून घरी गेली असती. माफी समोर वाढून आली होती, आणि ती तिच्यासाठी नव्हतीच. ती साखराबाईसारख्या कुणासाठी होती, जिची मांडी विचारायच्या आत हलायला लागते.

तिने दोन्ही हात पुढे केले आणि पाटावरची बाहुली उचलली. या वेळेला एक हात आधी मानेखाली गेला.

"मनू," ती म्हणाली, "घे हिला."

मनस्विनीने घेतलं. घेताना तिचाही हात आपोआप मानेखाली गेला.

"अगं," रेणुकादास म्हणाले. शेजारी ऐकू जाईल आणि पलीकडे जाणार नाही, इतकंच. त्या एका शब्दात सगळं होतं, जाऊ दे, आता नको, तिला जगू दे.

सौदामिनीला ते नीट ऐकू आलं. ती सुनेकडे बघून, तिला सगळं स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या मांडीवर नव्हती ती. नर्सनं विचारलं होतं, आजी घेता का म्हणून. दोनदा विचारलं. मी नको म्हणाले, भ्याले मी. आम्ही तिघं तिथं उभी होतो मनू, आणि तुझ्या मुलीला कुणीच घेतलं नाही."